पॅक इन

ग्रिम्स्बीच्या गोदीत, बर्फाने बधिर बोटांनी
दैवा हॅडकच्या पेट्या भरते
आणि शब्द साठवते.
पॅक म्हणजे भरणं. इन म्हणजे आत.
इथवर कोश बरोबर होता.

मग बेरिल थिकेट म्हणाली,
व्हॅन पॅक इन झाली, ऐन चौकात, मागे हॉर्नवर हॉर्न.
नवऱ्याला रोज सांगायची, सिगरेट पॅक इन कर.
त्यानं नाही केली.
मार्चमध्ये त्याचं हार्टच पॅक इन झालं,
हे ती सुरी पुसता पुसता म्हणाली,
व्हॅनच्याच आवाजात.

दैवानं वहीत लिहिलं : बंद पडणं. सोडणं.
तिसऱ्यापाशी पेन थांबलं.
लिथुआनियात या गोष्टी
एका शब्दात राहत नाहीत,
एका गल्लीतसुद्धा नाही.

शुक्रवारी बेरिलनं एप्रन खिळ्याला अडकवला.
"एकोणतीस वर्षं झाली. उद्यापासून पॅक इन."
दैवा म्हणाली, आत? पण कशाच्या आत?

बेरिल खोकत हसली,
रिकामी पेटी उलटी करून तिच्यावर बसली,
थर्मासच्या झाकणात चहा ओतून
पुढे केला.
पट्टा चालूच होता.
हॅडक येतच होते, डोळे उघडे ठेवून.