खुळखुळा

फ्लोरिडाच्या मधोमध, जिथे समुद्र कधीकाळी
आपली वाळू विसरून मागे गेला,
तिथे लर्लीन एकिन्सच्या कुंपणालगत
खुळखुळा माजला आहे.
तागाच्याच कुळातला. पिवळी फुलं, फुगीर शेंगा;
वाळल्या की
कोणी हात न लावता वाजतात.

संत्र्यांच्या बागांना खत म्हणून
तिच्या सासऱ्यानंच पेरला होता.
बागा दोन हिवाळ्यांत गारठून गेल्या.
खुळखुळा राहिला.
तीन वर्षांपूर्वी तिची घोडी, बिस्किट,
गवत संपल्यावर त्यात तोंड घालून बसली.
आधी वजन उतरलं, मग डोळे पिवळे झाले,
मग ती एकाच खांबाभोवती फिरत राहिली
घाण्याला जुंपल्यासारखी,
तिसऱ्या दिवसापर्यंत.

तेव्हापासून लर्लीन रोज संध्याकाळी उपटते.
मी रात्री तिथेच पतंग मोजतो.
एवढाच शेजार.

काल बॅटरी माझ्या तोंडावर धरून तिनं विचारलं,
"या विषानं कोणाचं काही भलं होतं का?"
म्हटलं, थांबा.

ओकच्या दोन फांद्यांत कोळिणीचं जाळं,
सोनेरी, परातीएवढं.
पतंग येऊन अडकला. मागचे पंख गुलाबी,
पुढच्यांवर पांढऱ्या पट्ट्या, पट्ट्यांत काळे ठिपके:
लपायचं ज्याला ठाऊकच नाही
त्याचा पोशाख.
धडपडला नाही. पडून राहिला, घरच्यासारखा.
कोळीण आली. पायांनी चाचपलं.
थबकली.
मग चुकलेली टीप उसवावी
तसा एकेक धागा तोडत गेली
आणि त्याला सोडून दिलं.
तो पडता पडता उडाला.

"खाल्लं का नाही?"
"कडू आहे. अळी असताना याच शेंगांतल्या बिया खाल्ल्या.
बिस्किटच्या यकृताला जे बाधलं
ते याच्या अंगी लागलं."
बोलून गेलो, मग जीभ चावली.
ती काही म्हणाली नाही. बॅटरी मात्र खाली केली.

म्हणून मादीचं सांगितलं.
ती अंधारात वासाची हाक घालते, थांबून थांबून.
नर जवळ येतो, पोटातून दोन इवल्या चवऱ्या काढतो,
तिच्या डोक्यावरून फिरवतो.
अत्तरही त्याच विषाचं.
ज्याचा वास दाट, त्याच्या गाठीला जास्त,
हे ती हुंगूनच ओळखते.
मग रात्रभराच्या संगात तो तिला देतो
बीजाबरोबर विषाचा वाटा. तिचं स्त्रीधन.
ती थोडं स्वतःला ठेवते,
बाकीचं अंड्या-अंड्याला बोटभर चाटवते,
जन्माआधीची बाळगुटी.

लर्लीन खोकल्यासारखं हसली.
"म्हणजे नवरा बाटली घेऊन येतो.
ड्यूविटही यायचा.
सगळी स्वतःच प्यायचा."

मीही हसलो. पुढचं सांगितलं नाही:
की ज्या अळीला बिया मिळत नाहीत
ती रात्री पानाच्या मागे जाते
आणि भावंडांची अंडी खाते,
त्या बोटभर कडूसाठी.
बिया का मिळत नाहीत,
तेही सांगितलं नाही.

ती वाकली. पुन्हा उपटू लागली.
वाळू मुळं फार धरून ठेवत नाही.
दहाच्या सुमाराला हात झटकले, निघाली.
एखादी शेंग खिशात अडकली असावी.
वाळूत पावलं वाजत नाहीत,
तरी ती दारापर्यंत जाताना
मला ऐकू येत होती.