कोयतीच्या शेजारी

पर्वरीला होतो तेव्हा पृथ्वी मोजत होतो, म्हणायचं एवढंच.
शेवटची दहा वर्षं कागदावर उमटायचे ते शेजारी:
साडेसहाची खाच म्हणजे कार्व्हालोंचा माशांचा टेम्पो,
पावणेआठला समोरच्या इमारतीची लिफ्ट,
वर, खाली, पुन्हा वर.
हमरस्त्यावर पुलासाठी सळ्यांची थप्पी उतरली त्या दिवशी
रेघ अशी उडाली की सूर्यावरच काही फुटलं समजून
मी मुख्यालयाला फोन केला.
आठवडाभर हसत होते.

रात्री दोन ते चार तेवढी ती बोलायची.
दोन तास पृथ्वी. बाकी सगळी पर्वरी.

हलवायचं ठरलं. दोन वर्षं जागा शोधली.
गोव्यात लोखंड नसलेली जमीन शोधायची
म्हणजे खाडीत कोरडा दगड.
सांग्यात यंत्र वेडं झालं,
केप्यात मँगनीज,
सड्यावर जांभा, आणि जांभ्याच्या पोटात गंज.
शेवटी काणकोणात, गावडोंगरीच्या वर,
जिथे मोटर पोचत नाही अशा एका खोलगट जागी
आकडे गप्प बसले.
आम्हीही बसलो. डबे सोडले.

फणसाच्या लाकडाची खोली, चुन्याचा गिलावा.
खिळे तांब्याचे. कांसारपालचा कासार म्हणाला,
समया केल्या, घंटा केल्या, खिळे पहिल्यांदाच;
सातशे मोजून दिले, वर एक देवाचा.
बिजागऱ्या पितळेच्या. कुलूप नाहीच.

दारापासून साठ पावलांवर माट्टीचं झाड आहे.
पुनो वेळीप कंबरेची कोयती तिथे टांगतो,
पट्टा, चाव्या, मोबाईल खाली ठेवतो
आणि अनवाणी आत जातो.
तीन महिन्यांत शिकला. हात माझ्याहून हलका.

माझ्या मांडीत सळई आहे,
मांडवीच्या पुलावर स्कूटर घसरली तेव्हाची.
डॉक्टर म्हणतात, ही चुंबकाला लागत नाही.
असेल. सुई डॉक्टरांचं ऐकत नाही.
एकदाच गेलो दारापर्यंत. रेघ केसभर हलली.
एकतीस वर्षं जिला सांभाळलं
तिने मला टेम्पोत धरलं.

तर आता मी झाडाखाली, कोयतीच्या शेजारी,
गुडघ्यावर वही.
पुनो आतून ओरडतो:
उणे एक अंश, चार मिनिटं, वीस!
वाऱ्याने कोयती खोडावर वाजते.
मला ऐकू आलेलं असतं.
तरी म्हणतो, परत सांग रे,
सावकाश.