तळघरातला खर्ज

आम्ही चौघं, आणि खर्ज लावायला कुणीच नाही.
नेवार्कमधली पाच मजली इमारत,
सन छप्पन्न, फेब्रुवारी,
दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधलं वळण.
तिथे टाइल्स छातीपर्यंत होत्या,
आवाज टाकला की
धुऊन, इस्त्री करून परत मिळायचा.

लेमुएल पुढे. त्याचा आवाज अजून फुटला नव्हता,
आई म्हणायची, फुटेल तेव्हा कपबशा जपा.
कॉर्डेल वरचा, ऑगी खालचा, जमेल तेवढा खालचा,
आणि मी त्या दोघांच्या मधला,
ज्याला कुणी ऐकत नाही
पण जो गप्प बसला तर
सगळे वळून बघतात, काय सांडलं म्हणून.

गाण्यात शब्द असे थोडेच:
एक मुलगी, एक चंद्र, एक कायमचं.
बाकी सगळं डू-वा, शा-डा-डा, डिप डिप.
त्या अक्षरांना अर्थ नव्हता ते बरंच.
असता तर निभावावा लागला असता.
पंधराव्या वर्षी कोण काय निभावतं?

मिसेस ट्रिब्लेट रोज दार उघडून ओरडायच्या.
एकदा ओरडल्या नाहीत. दार मात्र उघडंच राहिलं,
आणि परतलेल्या कांद्याची ऊब
जिन्यावरून आमच्यापर्यंत आली.

त्याच रात्री लेमुएलने शेवटची ओळ धरली
आणि खालून, अगदी खालून,
बॉयलरच्या पोटातून आल्यासारखा
बॉम.

आम्ही थांबलो.
कोळशात फावडं खुपसल्याचा खर्रर्र.
मग पुन्हा, जणू आमचीच वाट बघत,
बॉम.

मिस्टर प्लेझंट. भट्टी सांभाळणारे.
दिवसभरात "पाय पुसा" याखेरीज
एक शब्द न बोलणारा माणूस.
ते वर आले नाहीत. आम्ही खाली गेलो नाही.
पायाखालची जमीन सरकते म्हणतात,
आमच्या पायाखाली
ती त्या रात्री सरकून आली.

एप्रिलमध्ये एकाने रेकॉर्ड काढायचं कबूल केलं.
मी तळघरात गेलो, टोपी हातात घेऊन.
म्हणाले, माझा आवाज जिन्याचा आहे, पोरा.
जिना नेता येईल का तुम्हाला?

नाही नेता आला.
स्टुडिओत कुणा भाड्याच्या माणसाने डबल बास वाजवला,
घड्याळाकडे बघत.
अडीच मिनिटं. साडेतीनशे प्रती.
जूनमध्ये लेमुएलचा आवाज फुटला. कपबशा वाचल्या.

माझ्याकडे एक प्रत आहे. लावत नाही फारशी.
एकतीस वर्षं टपाल वाटलं मी,
किती जिने चढलो त्याची मोजदाद गुडघ्यांकडे.
कुणी नाही असं बघून
प्रत्येक रिकाम्या वळणावर
माझी मधली ओळ म्हणून बघायचो,
जी एकटी म्हटली तर गाणं वाटतच नाही,
कुणी काही शोधायला आलं
आणि काय ते विसरलं, तशी वाटते.

मग थांबायचो. हातात पत्रं.
खालून यायला जेवढा वेळ लागतो
तेवढाच.