माझा काय संबंध

तुर्भ्यात, मसाला मार्केटच्या मागच्या गल्लीत
माझा दवाखाना: दोन खोल्या, मध्ये एक पडदा.
वारा फिरला की मिरची आत येते
आणि बाकावरचे सगळे एकदम शिंकतात,
आजारी, आणि सोबत आलेलेही.

सत्तावीस वर्षं मी इथे विचारत आलो
शौचाला साफ होते का, पाळी कधी चुकली,
दारू रोज की फक्त शनिवारी.
कुणी लाजलं तर म्हणायचो,
डॉक्टरपासून काय लपवायचं.

मग निनाद ढेबे आला.
बाप माथाडी, जावळीचा. ह्याला गोवराची सुई मीच टोचलेली,
तेव्हा माझा चष्मा ओढून फेकला होता त्यानं.
आता गोदामात बारकोड मारतो.
पडद्याकडे बघत म्हणाला,
"एक गोळी असते ना, रोजची.
एचआयव्ही नाही मला. होऊ नये म्हणून."

मला माहीत होती गोळी.
एका परिषदेत ऐकलेली, जेवणाआधीच्या सत्रात,
अर्धं लक्ष पनीरकडे.
कुणासोबत, कसं, काही विचारलं नाही मी.
चिठ्ठीवर ठाण्याच्या सिव्हिलचा पत्ता लिहिला
आणि फी घेतली नाही.
तोच मला माझा मोठेपणा वाटला.

संध्याकाळी झाडताना शालनताईंना चिठ्ठी बाकाखाली सापडली,
चार घड्या घातलेली.
टेबलावर ठेवत म्हणाल्या,
"सिव्हिलला कशाला? पडदा तर आपल्याकडेही आहे."

मराठीत त्याला शब्दच नाही, मी स्वतःला सांगितलं.
आहे तो एकच, संबंध,
आणि त्याला सोयरिकीचा वास येतो,
नाहीतर पंचनाम्याचा.
झटकून टाकायलाही तोच लागतो आपल्याला:
माझा काय संबंध.

दाढी करताना आरशाला विचारून पाहिलं,
तुमचे संबंध कुणाशी? बायकांशी, पुरुषांशी, दोघांशी?
पहिल्या दिवशी आरशातला माणूस खाली बघू लागला.
तिसऱ्या दिवशी बायको दाराबाहेरून म्हणाली,
"माझ्याशी, अजून तरी. चहा गार होतोय."

पुढचं अवघड नव्हतं, नुसतं काम होतं.
आधी रक्त, एचआयव्ही नाही ना ते बघायला.
क्रिएटिनिन. कावीळ ब. दर तीन महिन्यांनी परत.
शुगरवाल्यांना मी वेगळं काय सांगतो?
केमिस्ट मात्र दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाला,
"ही गोळी? कुणाला झालाय?"
त्याला गल्ल्यामागे नेलं.
धान्यात कडुनिंबाचा पाला
कीड लागल्यावर घालतोस, की आधी?
आठवड्यात गोळ्या आल्या, बीपीच्या गोळ्यांसारख्याच पुडीत.

आता सगळ्यांनाच विचारतो. एकाला हेरून नाही.
एक आजोबा भडकले, पैसे न देता गेले.
खोकल्यासाठी आलेला क्लीनर हसत सुटला,
मग हसायचा थांबला आणि खुर्ची पुढे ओढली.
एकीचा नवरा इंदूरच्या गाडीवर असतो.
ती म्हणाली, "विचारलंत म्हणून सांगते,"
आणि बराच वेळ काहीच सांगितलं नाही.
मी थांबलो. बाहेर तेरा नंबर शिंकत होते.

निनादच्या केसपेपरवर नंबर होता,
लसीच्या दिवसांतला, त्याच्या आईचा.
तो लावता येत नव्हता.
शालनताईंनी फळ्यावर, शुगर तपासणीच्या खाली, लिहिलं:
एचआयव्ही टाळायची गोळी इथे मिळते. वीचारा.
दीर्घ वी मी तशीच राहू दिली.

परवा ढेबेवहिनी गुडघ्यासाठी आल्या, सोबत तो.
फळा त्यानं वाचला, न वाचल्यासारखा.
मी गुडघ्याचं लिहिलं, जिने कमी चढा म्हटलं.
निघताना दारात म्हणाला,
"चष्मा बदललात."

"नंबर वाढला होता," मी म्हटलं.
"गुरुवारी दुपारी गर्दी नसते."