एकेचाळीस नंबरचा शिक्का

रोकासने तो ढकलगाडीतून आणला,
बटाट्याच्या पोत्यावर पालथा घालून.
आजोबांच्या कोठारात सापडला म्हणाला,
वर कोंबड्या बसायच्या.
चार पायांपैकी एक बर्चच्या फांदीचा,
कुणीतरी हौसेनं ठोकलेला.

मी आधी कुणाच्याच तोंडाकडे बघत नाही.
पाठ उघडते.
बारा स्क्रू, त्यातला एक मुळातच नाही.
आत कोळ्यांच्या कित्येक पिढ्या,
ओटचे दाणे,
आणि लहान मुलाचा एक मोजा, डाव्या पायाचा.

पोराला म्हटलं, हात मागे.
बंद सेटच्या पोटातही वीज दबा धरून असते.
फेलिक्सासला एकदा असाच झटका बसला,
आठवडाभर मुक्या पडलेल्या सेटचा.
भिंतीला टेकून म्हणाला,
‘हा तर अजून बोलतो.’
वीस वर्षं कोठारात पडलेल्यात काय उरणार,
पण सवय.
स्क्रूड्रायव्हरला तार, तार पत्र्याला.
ठिणगी नाही.

मग टॉर्च मानेवर.
तिथे काचेच्या आतून एक चंदेरी डाग असतो,
आरशाचा कपचा चिकटवावा तसा.
तो आहे तोवर आत काही नाही.
आणि ‘काही नाही’ हेच तर आम्ही विकत होतो,
वॅगनी भरभरून,
काचेत नीट बंद केलेलं काही नाही.

डाग दुधासारखा पांढरा.
हवा लागली होती.
माणसाला लागते तेव्हा तो निदान शहरात तरी जातो.

‘नवी नाही का मिळत, दांगुओले आजी?’
नवी!
कारखान्याच्या जागी आता गाद्यांचं दुकान आहे,
झोपून बघा म्हणतात, पैसे पडत नाहीत.
माझ्या फळीवर तीन ट्यूबा आहेत, घोंगडीत गुंडाळलेल्या.
दोघींना मोतीबिंदू,
काचेमागचा चिकट थर कडेकडेनं सडत आत येतो.
माझा मार्चमध्ये काढला.
त्यांचा कोण काढणार?

लेबल थुंकी लावून पुसलं.
तोही मार्चच. दुसरा आठवडा.
खाली गोल शिक्का, एकेचाळीस.

एकेचाळीस म्हणजे मी.
मान जोडायची. ज्योत गोल फिरायची,
काच मऊ होईपर्यंत मनात आकडे मोजायचे,
एकोणीसपर्यंत.
अठराला थांबलं की सांधा कच्चा,
विसाला मान वाकडी.
शेजारच्या युझेफाशी बोलायची सोय नव्हती,
मोजणी चुकायची,
ओठ मिटून हसायचो.
आणि त्या मार्चमध्ये
फाटकाबाहेर कुणीतरी टोपी हातात धरून
रोज उभं राहायला लागलं होतं.
अठराला थांबलेच असेन.

‘सांधा माझा होता,’ मी म्हटलं.
‘नाही,’ पोरगं खाली बघत म्हणालं,
‘नेवेझिसच्या पुलाजवळ चाक खड्ड्यात गेलं.
आत कुणीतरी श्वास घेतल्यासारखं झालं.
मी ऐकलं.’
‘सांधा.’
‘खड्डा.’
चहा गार होईपर्यंत भांडलो,
आपापली चूक घट्ट धरून.

एकेचाळीस नंबर आता खिडकीत आहे,
कांद्यांच्या शेजारी.
फुटायची भीती नाही,
आतबाहेर एकच हवा.

तिसरी ट्यूब बसवली, धड डोळ्यांची.
वीज हळूहळू चढवली,
दूध उतू जाऊ नये म्हणून उभं राहावं तशी,
चाळीस, साठ, नव्वद.
कोंबड्यांचा वास आधी आला.
मग पडदा.

दाखवायला काहीच नव्हतं.
त्या लहरी केव्हाच बंद झाल्या,
समोरच्या खांबावर अँटेना नाही, करकोच्याचं घरटं आहे.
नुसता उजेड, राखेच्या रंगाचा,
डाव्या कडेला जरा आखडलेला.

रोकास पोत्यावर बसून बघत राहिला.
पाऊण तास.
‘काय दिसतंय रे?’
हात वर करून म्हणाला,
‘थांबा.’