दोनशे अकरा

"शेवटची धड कधी होती?" डॉक्टर विचारतात.
धड. अम्मा तर कायमच धड.
आता तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात
दुसऱ्याच कुणाचा असावा तसा स्ट्रेचरवरून लोंबतोय.
मी दुकानात. भाऊ रात्रपाळी करून झोपलेला,
साडेदहाला उठला तेव्हा ती सुपावर कलंडलेली.

"वेळ सांगा. साडेचार तासांच्या आत असेल
तर इंजेक्शन देता येईल. नाहीतर..."
पुढचं ते सिस्टरशी बोलले.

मी विडी घरकुलात कनकव्वाला फोन लावला.
अक्का, सुपातल्या विड्या मोज.
"वेड लागलं का गं?"
मोज.
ती तेलुगूत मोजते, मोठ्यानं, मध्येच चुकते,
पुन्हा पहिल्यापासून.
दोनशे आठ. आणि वर तीन सैल,
बिनदोऱ्याच्या, पान उलगडलेल्या,
कारखान्यात छाट म्हणून फेकतात तसल्या.

सातला नळ गेला की अम्मा बसते.
तासाला शंभर. एकतीस वर्षं.
"नऊ," मी म्हणाले. "नऊ वाजून पाच."
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे:
अकरा वीस.

सीटी झालं. रक्तस्राव नाही.
वजन? कुणी कधी केलंय तिचं.
खाटेसकट काट्यावर घेतली. एक्केचाळीस किलो.
सुई गेली.

रात्री चादरीवर तिची बोटं, उजवीच,
हळूहळू काहीतरी वळू लागली.
पान नाही, तंबाखू नाही.
वळत होती नीट,
दोरा गुंडाळायचा तेवढा
दर वेळी राहून जात होता.