सहा इंच काच

दांडिया बाजारातल्या दुकानात
सत्तावीस वर्षं मी लोकांच्या नजरा घासते.
उणे अडीच, अधिक एक, म्हाताऱ्यांचे बायफोकल.
गिऱ्हाईक चष्मा चढवून समोरची पाटी वाचतं,
हां, हवे देखाय छे, म्हणतं,
आणि पैसे मोजतं.

घरी आल्यावर मात्र काच माझी.
गच्चीवर डांबराचा जुना पिंप, आत विटा,
वर घट्ट बसवलेली एक तबकडी, तिच्यावर दुसरी,
मध्ये पाणी आणि ऐंशी नंबरची पूड.
सहा वेळा पुढे-मागे, मग एक पाऊल डावीकडे.
सहा वेळा. एक पाऊल.
आ शूं करो छो, कुंदाबेन?
हंसाबेन विचारते, वाळत घातलेल्या पापडांपलीकडून.
आरसा करते. दुर्बिणीचा.
बजारमां नथी मळतो?
मिळतो ना.

आठवीत निमकर मास्तरांनी पटांगणात दुर्बीण लावली होती.
शनी दाखवणार होते. रांगेत मी एकोणचाळिसावी.
माझ्यापुढची प्रमिला शिर्के वळून म्हणाली,
"अगं, कडं आहे खरंच!"
मी डोळा लावला तर ढग.
पुढच्या वर्षी, मास्तर म्हणाले.
पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली.
एवढंच. रडण्यासारखं यात काही नाही.
फक्त प्रमिलाची ती वळलेली मान
अजून तशीच आहे.

लोक शनी टळावा म्हणून तेल वाहतात,
मी तो दिसावा म्हणून काच घासते.

रोज चाळीस मिनिटं. ताप असला तर वीस.
कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी फुल्या.
मधोमध खळगा हवा,
रुपयाच्या नाण्याच्या जाडीहूनही उथळ,
आणि त्यासाठी एवढा उन्हाळा.

मार्चमध्ये, दोनशेवीसच्या पुडीवर, ओरखडा उमटला.
आधीच्या पुडीचा एक कण, बहुतेक नखात राहिलेला.
त्या रात्री मी खिचडीसुद्धा टाकली नाही.
पुण्याहून भावाचा फोन, "तयार घे, मी पैसे पाठवतो."
गच्चीवर आवाज तुटतोय, असं सांगून ठेवला.
दुसऱ्या दिवशी सगळी गच्ची धुतली,
नखं मुळापासून कापली,
आणि एकशेवीसपासून पुन्हा.

हुरूप कुठून आणता, असं विचारतात.
हुरूप पहिल्या पंधरवड्यातच संपला होता.
नंतर जे उरलं त्याला नाव नाही,
ते पिंपाभोवती चालत राहिलं.

जाडी पूड खरखरते, रस्त्यावर पत्रा ओढल्यासारखी.
पाचशेची नुसती कुजबुजते.
नवरात्रात खाली मैदानात गरबा गोल फिरत होता,
वर मी.
ढोलाची एक फेरी, काचेची एक फेरी,
आणि कधी कधी, शपथ सांगते, दोन्हींचा ताल जुळायचा.
तेव्हा मला शनी नको असायचा,
काहीच नको असायचं.

मुलामा चढवायला आरसा पार्सलने गेला,
अकरा दिवस हात कुठे ठेवावेत कळेना.

परत आला तेव्हा दुपार होती. धीर निघाला नाही.
नळी लांबच्या मोबाइल टॉवरवर धरली.
तिथे एक पतंग, उत्तरायणात अडकलेला,
जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत फाटत आलेला,
उलटा, शेपटी आभाळाकडे,
आणि त्याचा दोराही दिसला मला.

रात्री शनी दिसला.
कडं होतं खरंच, बारीक, पापडाच्या कडेएवढं.
मग खालून ध्रुविल आला, त्याची आजी आली,
हंसाबेन हात जोडूनच आली,
डोळा लावून म्हणाली, बिचारो, केटलो नानो!
रांग जिन्यापर्यंत गेली.
मी दुसऱ्यांदा बघायला सगळ्यात शेवटी उभी राहिले,
आणि नेमका ढग आला.

ध्रुविलला वाटलं मी रडेन.
मी त्याला रात्री साडेदहाला चहा करून पाजला.

सगळे गेल्यावर गच्चीवर एकटीच थांबले.
पिंप कोपऱ्यात, विटांनी जड, वरून कोरडा.
ढग बघत येरझारा घालतेय असं मला वाटत होतं,
खाली बघितलं तर पावलं त्याच्याभोवती फिरत होती,
दर सहा श्वासांनी
एक पाऊल डावीकडे.